सकाळी उठल्या उठल्या शिंका? अंथरुणाच्या बाबतीत या चुका टाळा

नवरात्राच्या तोंडावर बेळगावात दसरा काढायला, म्हणजे घरातलं सगळं झाडून-धुवून घ्यायला, सुरुवात झाली की वडगाव-शहापूरच्या गच्च्या गाद्या, वाकळा आणि घोंगड्यांनी भरून जातात. आमच्याकडे आई काठी घेऊन गादी बडवायची. संध्याकाळी तीच गादी पलंगावर यायची आणि रात्री अकराला माझ्या शिंका सुरू. 'एवढं बडवलो खरं, धूळ काय जाईना बघ,' असं म्हणून आई दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी उचलायची. कित्येक वर्षं आम्ही दोघंही धुळीलाच शिव्या देत होतो. आपल्या भागातला खरा चोर मात्र ओल आहे.

गादीत माइट नावाचे जीव असतात. आकार जेमतेम पाव मिलिमीटर, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते ढेकणासारखे चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी न पिता हवेतली ओल अंगात शोषून घेतात. आपलं नाक बिघडतं ते त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे मुख्यतः हेच असतात, हे १९६४ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवलं आणि ओलसर घरांत ते जास्त सापडतात हेही नोंदवलं. हवेतली आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांखाली राहिली तर ते सुकून मरतात. ७०-८० टक्के म्हणजे त्यांची दिवाळी. मी एक साधा आर्द्रतामापक आणून उशाशी ठेवला, तर जुलैत आकडा ८० च्या खाली उतरायचं नाव घेईना. हे शहरातलं झालं. पाऊस याहून जास्त कोसळतो त्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे काय होत असेल ते सांगायला नको.

ऊन दाखवलं, बडवलं नि झालं असं समजणं

कडक उन्हात गादी सुकते आणि बरेच माइट मरतात. पण त्यांची विष्ठा काही मरत नाही, ती तिथंच राहते. बडवल्यावर त्यातली थोडी बाहेर उडते, बाकीची आत. म्हणून ऊन द्या, दोन्ही बाजूंनी द्या, बडवा, पण ज्याला त्रास आहे त्याने तिथं थांबू नये आणि बडवणाऱ्याने नाकातोंडाला कापड बांधावं. नंतर व्हॅक्यूम क्लीनर फिरवता आला तर उत्तम. खोलीतल्या खोलीत गादी झटकणं मात्र सर्वांत वाईट. उडालेलं सगळं वीस-तीस मिनिटांत पुन्हा त्याच उशीवर बसतं.

बॉक्स पलंग आणि जमिनीवरची गादी

यावर जरा जास्त बोलतो, कारण आपल्याकडे निम्मा घोटाळा इथंच आहे. रात्रभरचा घाम आणि श्वासातली वाफ गादीत मुरते. तिला खालून बाहेर पडायला वाट हवी. बॉक्स पलंगात खाली सलग प्लायवुड, आणि त्याच्या पोटात जुनी घोंगडी, पाहुण्यांच्या उशा, लग्नात आलेल्या चादरी कोंबलेल्या. आमचा पलंग ऑगस्टमध्ये उघडला तर प्लायच्या खालच्या अंगाला हिरवट-करड्या बुरशीचे ठिपके होते, आणि वास असा की झाकण लगेच खाली टाकलं. प्लायला भोकं पाडून घेतली, आतलं सामान निम्म्यावर आणलं, तेव्हा कुठे वास गेला. जुनी लोखंडी कॉट याबाबतीत फार शहाणी होती.

शहाबादी फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर अंथरूण असेल तर ते दिवसभर तसंच ठेवू नका. रोज उचलून भिंतीला उभं करा आणि तासभर पंखा सोडा. पावसाळ्यात ऊन नसलं तरी एवढं जमतं. आणि उठल्याबरोबर पलंगावर चादर ताणून, वर बेडकव्हर घालून खोली 'नीट' करायची घाई नको. आधी उबेतली ओल जाऊ द्या.

वाकळ वर्षातून एकदाच धुणं

दसऱ्याला सगळं धुतो, हे खरं. पण चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्याला धुतलेच पाहिजेत. गार पाण्याने धुतलं तर घाण बरीच निघते, माइट मात्र बहुतेक जिवंत राहतात. त्यांना साधारण ५५ ते ६० अंशांचं पाणी लागतं. थर्मामीटर नको, बादलीत निम्मं उकळतं आणि निम्मं नळाचं पाणी घातलं की जवळपास तेवढं तापमान येतं. कपडे त्यात काठीने दाबून पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, हात घालू नका. घोंगडी अशा पाण्यात आटते, तेव्हा नाकाचा त्रास असलेल्याने तिला अंथरुणातून रजाच द्यावी. पोरांची कापडी खेळणी पिशवीत घालून दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवली तरी माइट मरतात. नंतर मात्र ती धुवायची.

दुकानातलं प्लास्टिक तसंच ठेवणं

नव्या गादीचं प्लास्टिक 'धूळ बसू नये' म्हणून वर्षानुवर्षं ठेवणारे आहेत. घाम अडकतो, बुरशी धरते. त्याऐवजी घट्ट विणीच्या कापडाचं, सहाही बाजू झाकणारं चेनचं कव्हर घ्या, आणि उशीलाही घ्या, कारण नाक रात्रभर तिथंच असतं. वडगावात मागाच्या खडखडाटात वाढलेल्याला वीण काय शिकवायची! उजेडापुढे धरून बघा, एवढंच. नुसत्या कव्हरवर भिस्त ठेवू नका, एकट्याने ते फारसं काही करत नाही. ओल, धुणं आणि कव्हर या तिन्ही गोष्टी एकत्र जमल्या तरच फरक पडतो.

उशाशी डांबर गोळ्या ठेवू नका. घरात तान्हं मूल असेल तर मुळीच नको. डासांची कॉइलही दार-खिडकी बंद करून लावू नका, तिच्या धुरानेच नाक चोंदतं. मच्छरदाणी बरी, तीही धुतलेली.

सगळं करूनही थांबत नसेल तर

त्रास कधी होतो ते आठवडाभर लिहून ठेवा. अंथरुणावर पडल्यावर किंवा पहाटे होत असेल तर गादी-उशी. खोलीत शिरल्या शिरल्या कुबट वास येऊन होत असेल तर बुरशी: कपाट भिंतीपासून वीतभर ओढून मागे बघा, गळणारं कौल शोधा. पावसाच्या शेवटी बाहेर फिरताना वाढत असेल तर काँग्रेस गवताचे परागकण असू शकतात. मग त्या दिवसांत चादरी मोकळ्या प्लॉटशेजारच्या दोरीवर वाळवू नका, आपलं अंथरूण आपणच भरून ठेवतो. परगावी गेल्यावर झोप छान लागते आणि घरी परतलं की दुसऱ्या रात्री नाक बंद, असं असेल तर घरातच शोधा.

छातीत घरघर, रात्री खोकल्याने जाग येणं किंवा मुलाला दम लागणं हे घरगुती उपायांवर सोडायचं नाही, डॉक्टर गाठा. ते त्वचेवर टोचून ॲलर्जीची चाचणी करायला सांगतील कदाचित. तिच्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, तेव्हा नंबर लावतानाच ते विचारून घ्या. नाहीतर खानापूरहून बसने यायचं आणि 'पुढच्या आठवड्यात या' ऐकून परत जायचं.