वाटीभर मटार: क्रायसिस वॉर्डमध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं काम

तीव्र मानसिक संकटात दाखल झालेल्या माणसापुढे पहिल्याच दिवशी लांबलचक फॉर्म ठेवू नका. पुढची 15 मिनिटं त्याला निभावता आली पाहिजेत, एवढंच उद्दिष्ट धरा. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय असो, ससून असो की कोथरूडमधलं छोटं नर्सिंग होम, ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्याची, सुरुवात इथूनच व्हायला हवी.

वॉर्डात शिरण्याआधी सिस्टरना तीन गोष्टी विचारा: रात्री झोप किती झाली, शेवटचं इंजेक्शन कधी दिलं, आणि आज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका कितपत आहे. गळ्यातली ओळखपत्राची दोरी, ओढणी, लोंबते कानातले बाहेरच काढून ठेवा. समोरासमोर न बसता काटकोनात बसा. दाराकडे जायची वाट तुम्हालाही मोकळी हवी आणि त्यांनाही; कोंडल्यासारखं वाटलं की माणूस बिथरतो. अँटिसायकोटिक (भास-भ्रम कमी करणाऱ्या) औषधांनी उभं राहताना रक्तदाब उतरू शकतो. म्हणून पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसवा, मगच उठवा.

आता कृती. हिवाळ्यात मटार, एरवी भुईमुगाच्या शेंगा. 20-25 शेंगा आणि दोन वाट्या, बस. सुरी लागत नाही, सुई-दोरा लागत नाही आणि घरात प्रत्येकाने हे काम पाहिलेलं असतं. मोठ्या माणसांना रंग भरायला दिले की पुष्कळांना अपमान वाटतो. शेंगा सोलताना तसं होत नाही. "ताई, माझ्यासोबत एवढ्या सोलता का? नको वाटलं तर नुसत्या बसा." एवढं बोलून स्वतः सोलायला लागा. नैराश्यात विचार आणि हालचाल दोन्ही मंदावतात, त्यामुळे उत्तरासाठी मनात दहा आकडे मोजा. मधेच प्रश्न पुन्हा विचारला की त्यांना पहिल्यापासून जुळवाजुळव करावी लागते.

हात नीट पाहा. पहिली शेंग आपणहून उचलली का? टरफलं आणि दाणे वेगवेगळ्या वाटीत पडतात का? मधेच मान वळवून कुणाचं तरी ऐकल्यासारखं होतं का? बोटं थरथरतात का? केस पेपरवर 'सहकार्य केलं' असं लिहून कुणालाच काही कळत नाही. '10 मिनिटांत 12 शेंगा, तीनदा आठवण करून द्यावी लागली, दोनदा उठून दाराशी गेले' असं लिहिलंत तर उद्याच्या नोंदीशी ताडून पाहता येतं. औषधाने फार गुंगी असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर दाणे तोंडात जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, तेही आधीच विचारून घ्या.

एक गफलत वारंवार होते. पाय सतत हलतात, माणूस बसतो, उठतो, पुन्हा बसतो आणि 'आतून बसवतच नाही' म्हणतो. ही अस्वस्थता औषधामुळे आलेली असू शकते. तिला अकॅथिसिया म्हणतात. आजार बळावला असं समजून डोस वाढवला तर त्रास आणखी वाढतो. त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.

उन्मादातल्या माणसाला गटात किंवा चढाओढीच्या खेळात बसवू नका. शांत कोपरा आणि लगेच संपणारं एकच काम द्या. संशयाने ग्रासलेल्या माणसासमोर सहकाऱ्याशी हळू आवाजात बोलू नका, आणि सामान पिशवीतून काढताना एकेक वस्तू दाखवून ठेवा. कात्री वापरावीच लागली तर आधी आणि नंतर दोघांनी मोजून सही करायची. एक जरी कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत कुणीही खोली सोडायची नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 तोंडपाठ नसला तरी कलम 20 लक्षात ठेवा: रुग्णाकडून सक्तीने काम करून घेता येत नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो. वाटीभर शेंगा म्हणजे मूल्यमापन. वॉर्डच्या स्वयंपाकघरासाठी पोतंभर मटार सोलून घेणं ही फुकटची मजुरी आहे, आणि ती थांबवणं आपलं काम आहे.

घरी सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात. डिस्चार्जआधी सुरक्षा-योजना त्यांच्याच शब्दांत, एका पानावर लिहून घ्या: बिनसायला लागल्याची खूण कोणती, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाकडे जाऊन बसायचं, फोन कुणाला करायचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो पानावर मोठ्या अक्षरात हवा. आत्महत्येबद्दल थेट विचारा, विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. नातेवाइकांशी वेगळं बोलून गोळ्या आठवड्यापुरत्याच रुग्णाच्या हाती द्यायला सांगा. मुळशी-शिरूरकडच्या शेतकरी घरात फवारणीचं औषध कुठे असतं, हे विचारल्याशिवाय उठू नका. ते कुलपात जायला हवं आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे हवी.

शक्य असेल तर डॉक्टरांच्या परवानगीने एक फेरी पीएमपीच्या बसने करा. सुट्टे पैसे, गर्दीतला आवाज, आपला स्टॉप ओळखणं यातलं कुठे अडतं ते तिथेच दिसतं. घरी गेल्यावर तीन दिवसांच्या आत फोन करा आणि आज सकाळी उठल्यावर काय काय केलं, हे आधी विचारा.