ऑटोकॅडमधल्या डायमेन्शनच्या (माप दाखवणाऱ्या खुणेच्या) मजकुरावर स्क्रिप्ट चालवण्याआधी
ड्रॉइंगची प्रत काढून ठेवा. पुढे.

लिस्पची (ऑटोकॅडमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल उघडायच्याही आधी एक काम: ऑटोकॅडच्या या ड्रॉइंगमध्ये हाताने टाइप केलेली डायमेन्शनं किती आहेत ते मोजा. प्रत्येक डायमेन्शनच्या पोटात मोजलेलं माप डीएक्सएफच्या (वस्तूची माहिती क्रमांकांखाली ठेवायच्या पद्धतीच्या) ४२ क्रमांकाच्या कोडखाली असतं आणि दाखवायचा मजकूर १ क्रमांकाखाली. १ रिकामा असेल तर खरं माप दिसतं. तिथे रिकामे कोनी कंस (<>) असतील तर कंसांच्या जागी माप येतं, आजूबाजूचं लिखाण तसंच राहतं. नुसती एक मोकळी जागा असेल तर मजकूर मुद्दाम लपवलेला आहे. आणि कंस नसताना भलतंच काही लिहिलेलं असेल, तर कुणीतरी माप झाकून त्यावर आपला मजकूर बसवलाय. शोधायची आहेत ती हीच.

मागच्या वेळी मी हे केलं नाही. प्रत्येक मापापुढे ‘मिमी’ लावायचं, एवढंच तर काम होतं. सगळ्यांच्या टेक्स्टओव्हरराइडमध्ये (म्हणजे त्याच १ क्रमांकात) कंस आणि मिमी कोंबलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं, मी खूश. हाताने लिहिलेले टॉलरन्स (मापात चालणारा फरक) गेले, ‘४ ठिकाणी’ गेलं, आणि ४४७.५ झाकून कुणी ४५० लिहिलं होतं तिथे पुन्हा ४४७.५ उगवलं. कळलं कधी, तर प्रिंट हातात पडल्यावर. तोवर फाइल सेव्ह करून बंद केलेली, म्हणजे अनडूचा दरवाजाही बंद. म्हणून पुन्हा सांगतो: १ क्रमांक आधी वाचा. ज्यात काहीही लिहिलेलं आहे, त्या प्रत्येक डायमेन्शनचं हँडल (ड्रॉइंगमधला त्याचा ओळख क्रमांक) आणि मजकूर एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरवा, आणि मगच बदलायचं बघा. झाकलेलं माप चूक की बरोबर, हे ज्याने लिहिलं त्याला विचारा. स्क्रिप्टला ते कळणार नाही.

गंमत म्हणजे मिमीसाठी मजकुराला हात लावायचीच गरज नव्हती. डायमेन्शन स्टाईलमधलं डिमपोस्ट हे व्हेरिएबल ते काम करतं. फक्त व्हेरिएबल बदललं की जुनी डायमेन्शनं आपोआप बदलतील असं समजू नका. कमांड लाइनवरच्या डिमस्टाईलमधून अप्लाय करावं लागतं.

अक्षरांच्या उंचीचा घोळ वेगळाच. डिमटीएक्सटी (उंचीचं व्हेरिएबल) कितीही बदला, टेक्स्ट स्टाईलमध्ये शून्याऐवजी ठरावीक उंची भरलेली असेल तर ढिम्म हलत नाही. आधी ती शून्य करा. शिवाय डिमस्केलचा (डायमेन्शनच्या एकूण स्केलचा) गुणाकार होतो: २.५ ची उंची आणि ५० चा स्केल म्हणजे अक्षर १२५ चं. आणि काही डायमेन्शनवर एकेकट्याचे ओव्हरराइड असतात. स्टाईल बदलली तरी ती जुनीच दिसतात. त्यांच्यावर डोकं आपटू नका, अप्लाय करा. पण थांबा, तो ओव्हरराइड कुणी का दिला ते बघून मग.

निवड करताना एसएसगेटमध्ये (लिस्पच्या निवडीच्या फंक्शनमध्ये) नुसतं ‘डायमेन्शन’ हे नाव देऊ नका, नावाच्या आधी तारांकन लावा. चापाच्या (आर्कच्या) लांबीचं डायमेन्शन आणि मोडलेल्या रेषेने दाखवलेली त्रिज्या यांची आतली नावं वेगळी आहेत, ती गुपचूप सुटतात. एसएसगेटला ‘एक्स’ हा पर्याय दिलात तर सगळे लेआउट आणि फ्रीझ केलेले (न दिसणारे) लेयरही येतात, ब्लॉकच्या (एकत्र बांधलेल्या वस्तूंच्या) आतलं मात्र काहीच येत नाही. त्यासाठी ब्लॉकच्या व्याख्या वेगळ्या फिरून बघाव्या लागतात. लॉक केलेल्या लेयरवर व्हीएलए फंक्शन (लिस्पमधून वस्तू बदलणारं) त्रुटी देऊन मध्येच थांबतं आणि अर्धं ड्रॉइंग बदललेलं, अर्धं जुनं अशी खिचडी होते. लॉक काढा, नंतर परत लावा.

अनडूची खूण सुरुवातीला आणि शेवटी, म्हणजे सगळं एकदम मागे घेता येतं. एससीआर (कमांडच्या स्क्रिप्टच्या) फाइलमध्ये प्रत्येक मोकळी जागा म्हणजे एंटर, तेव्हा ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली एकसुद्धा नको. फाइलडिया (फाइल निवडायच्या खिडक्यांचं व्हेरिएबल) शून्य, नंतर पुन्हा एक.

आधी दहाच डायमेन्शनवर चालवा, त्यातलं निदान एक हाताने लिहिलेलं घ्या. हो, तेच, १ क्रमांकवालं. मग सगळ्यांवर. चालवून झालं की उतरवलेली टेक्स्ट फाइल उघडा आणि एकेक हँडल ताडून बघा. सेव्ह त्यानंतर. प्रिंट त्याच्याही नंतर.