सांकेतिक भाषेचे पहिले शब्द शिकताना या चुका टाळा

कर्णबधिर सहकाऱ्याशी, शेजाऱ्याशी किंवा नातलगाशी थेट बोलता यावे म्हणून भारतीय सांकेतिक भाषा शिकू लागलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. शंभर-दीडशे खुणा पाठ होतात, पण समोरची व्यक्ती तिच्या नेहमीच्या वेगाने बोलू लागली की त्यांतल्या चार खुणाही ओळखू येत नाहीत. याचा दोष स्मरणशक्तीला देण्याचे कारण नाही. आपण खूण फक्त हाताची म्हणून पाठ करतो. ती हात, चेहरा आणि वाक्यातील स्थान यांची मिळून बनलेली असते, हे सुरुवातीला कोणी ठासून सांगत नाही.

त्याआधी एक प्राथमिक चूक दूर केली पाहिजे. इंटरनेटवर शोधल्यास सर्वांत आधी समोर येतात ते बहुधा अमेरिकी सांकेतिक भाषेचे व्हिडिओ, आणि ती वेगळी भाषा आहे. अमेरिकी वर्णमाला एका हाताने दाखवतात, तर भारतात प्रचलित असलेली इंग्रजी वर्णमाला ब्रिटिश पद्धतीप्रमाणे दोन हातांची आहे. तिच्यात ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत क्रमाने पाच बोटांच्या टोकांवर दाखवले जातात. हा क्रम एकदा बसला की अक्षरांतला मोठा गोंधळ संपतो. शब्दांसाठी नवी दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश वापरावा. हे केंद्र 2015 मध्ये स्थापन झाले. 2018 मध्ये 3,000 शब्दांनी सुरू झालेला त्याचा कोश 2021 च्या तिसऱ्या आवृत्तीत 10,000 शब्दांपर्यंत पोहोचला.

मात्र कोशातील खूण आणि मुंबईत किंवा नागपुरात भेटलेल्या व्यक्तीची खूण वेगळी दिसली, तर तिला दुरुस्त करायला जाऊ नये. या भाषेचे व्याकरण देशभर बरेचसे समान असले, तरी शब्द प्रदेशागणिक आणि कधी कधी शाळेगणिक बदलतात. वहीत दोन्ही रूपे लिहावीत आणि कोणते रूप कोठे पाहिले तेही लिहावे.

आता खुणेच्या घडणीकडे वळू. भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी 1960 मध्ये अमेरिकी सांकेतिक भाषेचा अभ्यास करून दाखवले की खूण म्हणजे अखंड चित्र नसते. हाताचा आकार, शरीरावरील किंवा अवकाशातील जागा आणि हालचाल या घटकांतून ती घडते. तळव्याची दिशा हा घटक पुढच्या अभ्यासकांनी जोडला. नवशिक्याचे लक्ष आकारावर खिळते आणि जागा निसटते. ‘स्त्री’ या खुणेत चमकी घालतात त्या जागी नाकपुडीला स्पर्श होतो आणि ‘पुरुष’ या खुणेत मिशीचा निर्देश असतो. नात्यांच्या अनेक खुणांची सुरुवात यांतल्याच एका खुणेने होते. बोट घाईत मधेच कुठेतरी टेकले, तर बहीण की भाऊ हे समोरच्याला कळत नाही. म्हणून वहीत ‘नाकाजवळ काहीतरी’ असे न लिहिता आकार, जागा, हालचाल, तळव्याची दिशा आणि चेहरा अशी पाच टिपणे करावीत. हे कंटाळवाणे वाटते, पण पहिल्या पन्नास शब्दांसाठी तरी ते टाळू नये.

उजव्या-डाव्याचा घोटाळाही इथेच होतो. समोर बसलेल्या शिक्षकाचा उजवा हात आपल्याला डावीकडे दिसतो, आणि मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात आपले चित्र अनेकदा उलटे दिसते. आपण ज्या हाताने लिहितो तोच मुख्य हात ठरवावा आणि तो कधीही बदलू नये. डावखुऱ्यांनी डावा हात मुख्य ठेवण्यात काहीही गैर नाही.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे मराठी वाक्यातील प्रत्येक शब्दाला खूण शोधत बसणे. ‘आहे’ला, विभक्तीच्या प्रत्ययांना वेगळी खूण नसते. काळ दाखवणारा शब्द साधारणपणे आधी येतो, तर नकार आणि प्रश्नवाचक खूण बहुधा शेवटी येते. ‘तो उद्या शाळेत का जाणार नाही?’ हे वाक्य साधारणतः ‘उद्या–तो–शाळा–जाणे–नाही–का’ असे मांडले जाते. या भाषेत एकच सर्वसाधारण प्रश्नखूण अनेक कामे करते: ‘चेहरा’ जोडून ‘कोण’, ‘जागा’ जोडून ‘कोठे’. त्यामुळे प्रश्नांचे शब्द सुटे पाठ करण्यापेक्षा जोडीने पाठ करावेत. ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मागणारा प्रश्न मात्र प्रामुख्याने विस्फारलेल्या डोळ्यांनी आणि पुढे झुकलेल्या डोक्याने विचारला जातो. चेहरा निर्विकार राहिला, तर तुमचा प्रश्न विधान म्हणूनच वाचला जाईल. ज्यांना भर वर्गात चेहऱ्याची हालचाल करण्याचा संकोच वाटतो त्यांनी आरशासमोर हा सराव आधी करावा, कारण तो संकोच गेल्याशिवाय शब्दसंख्या वाढवून उपयोग होत नाही.

खुणा करता येतात पण वाचता येत नाहीत, याचे कारण बहुतेक वेळा नजरेत असते. नवशिका हातांकडे पाहतो. सराईत व्यक्ती चेहऱ्याकडे पाहते आणि हात नजरेच्या कडेने टिपते. एकाच शिक्षकाचे व्हिडिओ पाहिल्याने नजर त्याच्याच लकबीला सरावते, म्हणून शिकलेली वीस वाक्ये निदान तीन वेगवेगळ्या व्यक्तींकडून पाहावीत. बोटांनी दाखवलेले नाव वाचताना अक्षरे सुटी मोजू नयेत. पहिले अक्षर, शेवटचे अक्षर आणि शब्दाची लांबी पकडावी. खूण आठवली नाही की लगेच स्पेलिंग करू लागण्याची सवय मात्र सोडावी. त्याऐवजी वस्तू दाखवावी, तिचे वर्णन करावे आणि खूण विचारावी.

स्वतःसाठी नावाची खूण आपणच ठरवू नये. ती कर्णबधिर परिचितांनी तुमचा स्वभाव किंवा एखादी ओळख पाहून देण्याची प्रथा आहे. तोपर्यंत अक्षरांनी नाव सांगावे. तसेच काही कळले नाही, तर भीडेपोटी मान हलवू नये. मान हलवली की बोलणारा पुढे जातो आणि एक निसटलेला शब्द पाच वाक्ये घेऊन जातो. ‘पुन्हा’ आणि ‘हळू’ या दोन खुणा पहिल्याच दिवशी शिकून घ्याव्यात आणि त्या मोकळेपणाने वापराव्यात.