आबांच्या एसटी प्रवासाचा घोळ असा सुटला

७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट, ही अमृत ज्येष्ठ नागरिक योजना ऑगस्ट २०२२ पासून आहे. आमचे आबा १९४७ चे, तरी २०२३ मध्ये पंढरपूरला जाताना कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं. आबा पेटले. पण कंडक्टर बरोबरच होता. आधारवर ठसठशीत छापलेलं: ०१/०१/१९५२. म्हणजे वय ७१, आणि ६५ ते ७५ ला निम्मंच भाडं. ही तारीख आली कुठून? तर कार्ड काढताना आबांनीच "लिहा अंदाजे" म्हणून सांगितलेलं!

मग कागद शोधणं आलं. जन्माचा दाखला नव्हताच. ट्रंकेच्या तळाशी, इस्त्रीच्या धोतराखाली, पेन्शनचा मूळ आदेश सापडला. घडीवर विरलेला, पण जन्मतारीख स्वच्छ. तोच घेऊन आधार केंद्रात गेलो. झेरॉक्सवर भागत नाही, मूळ कागदच न्या. आणि अर्जावरची तारीख सही करण्याआधी दोनदा वाचा, कारण जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते. आबांच्या बोटांचे ठसे घासून गेलेले, त्यातच अर्धा तास गेला. पावती मात्र जपली, तिच्यावरच्या नंबरानं अर्ज कुठवर आला ते मोबाइलवर कळतं.

(ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. शहर बससाठी नाही. आरक्षण केलंत तर त्याचा आकार द्यावा लागतो.)

पुढच्या वारीला कंडक्टरनं कार्ड पाहिलं, मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं. आबांनी ते पाकिटात विठोबाच्या फोटोमागं ठेवलंय.