लीडर बनायचं की मॅनेजर? आधी घोडं कुठे अडलंय ते बघा

नवीन टीम लीड झालेल्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात, "मॅनेजर नको बनू, लीडर बन". ऐकायला भारी वाटतं, पण सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊन नक्की करायचं काय हे कोणी सांगत नाही. माझ्या मते तर हा सल्लाच अर्धवट आहे. मॅनेजर व्हिलन आणि लीडर हिरो असं काही नसतं, एकाच माणसाला एकाच दिवसात दोन्ही करावं लागतं, कधी कधी एकाच मीटिंगमध्ये.

फरक समजायला मला जॉन कॉटर यांची मांडणी सगळ्यात सोपी वाटते. हे हार्वर्डमध्ये मॅनेजमेंटचे प्राध्यापक होते, त्यांनी १९९० मध्ये लिहिलं त्याचा सार असा की मॅनेजमेंट गुंतागुंत सांभाळते आणि लीडरशिप बदल पेलते. म्हणजे कोण काय करणार, कधीपर्यंत, किती पैशात, ही झाली गुंतागुंत. आणि आपण हे का करतोय, आता वाट का बदलायची, लोकांनी त्यात मनापासून का उतरायचं, हा दुसरा भाग.

आता कामाची गोष्ट. काही अडलं की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: एक लिस्ट, एक तारीख किंवा एक नाव ठरवलं तर हे सुटेल का? सुटणार असेल तर मॅनेज करा, भाषण देऊ नका. दोघं एकच काम करतायत, फाईल कोणाकडे आहे माहीत नाही, डेडलाईन वेगवेगळी ऐकलीय, अशा वेळी प्रेरणा वगैरे काही नको, दहा मिनिटं बसून नावं लिहून टाका. पण सगळ्यांना सगळं माहीत आहे आणि तरी काम हलत नाही, लोक नुसत्या पाट्या टाकतायत, तर तिथे अजून एक ट्रॅकर काढून काहीही होणार नाही.

हे मी स्वतः ठेच लागून शिकलोय. माझ्याकडे पहिल्यांदा सहा जणांची टीम आली तेव्हा मी सगळ्यात आधी एक्सेल शीट बनवली, रंगीत, वेळेत चाललंय तर हिरवा, अडकलंय तर लाल, आणि रोज संध्याकाळी सहाला अपडेट. तीन आठवडे शीट हिरवीगार आणि काम तिथल्या तिथे. मग मी काय केलं, तर अजून दोन कॉलम वाढवले (हसू नका, तुम्हीही केलं असेल). शेवटी टीममधल्या सगळ्यात सिनियर माणसाला बाजूला घेऊन विचारलं तर तो म्हणाला, "अहो, मागच्या दोन वेळेला रात्री जागून केलेलं काम वरच्यांनी एका मेलवर गुंडाळलं, हेही गुंडाळतील, मग कोण कशाला जीव काढेल?" यावर कॉलम हा इलाजच नाही ना.

मग मी वर जाऊन थेट विचारलं की हे नक्की चालणार आहे का. उत्तर मिळालं की अर्धं पक्कं आहे, बाकीच्याचा भरवसा नाही. ते जसंच्या तसं, काही गोड न करता टीमला सांगितलं आणि भरवसा नसलेला भाग बाजूला ठेवला. पुढच्या आठवड्यात शीटमध्ये पहिल्यांदा लाल रंग दिसला आणि मला चक्क बरं वाटलं, कारण आता अडलेलं काम कोणी लपवत नव्हतं.

याच्याशीच जुळणारं एक उदाहरण टोयोटाच्या कारखान्यांचं. तिथे लाईनवरच्या कामगाराला दोष दिसला की दोरी ओढायची (आता बऱ्याच ठिकाणी बटण दाबायची) मुभा असते, ओढली की टीम लीडर धावत येतो आणि वेळेत सुटलं नाही तर लाईन थांबते. दोरी कुठे लावायची, ओढल्यावर कोणी यायचं, किती वेळात यायचं हे सगळं मॅनेजमेंट. पण मागच्या वेळी दोरी ओढणाऱ्यावर कोणी खेकसलं असेल तर पुढच्या वेळी हात दोरीकडे जाणारच नाही, मग ती कितीही चांगली बांधलेली असू दे. म्हणून वाईट बातमी आणणाऱ्याला तुमचं पहिलं वाक्य काय असतं ते तपासा. "आधी का नाही सांगितलं?" असेल तर ते बदला. "बरं झालं सांगितलंस, आता काय करता येईल?" इतकंही पुरतं.

काम सोपवतानाही हेच. मॅनेज करताना काय आणि कधी हे सांगा, लीड करताना का हे सांगा आणि कसं ते त्याच्यावर सोडा. नवख्या माणसाला मात्र "कसं" पण सांगावं लागतं, त्याला मोकळीक देतोय म्हणून वाऱ्यावर सोडू नका. आणि खरंच आग लागलीय, सर्व्हर बंद पडलाय, तर तेव्हा चर्चा नको, तू हे कर, तू ते कर, बस.

उलट्या टोकाचे लोकही असतात बरं का. व्हिजनवर तासभर बोलतील आणि पोरांचे खर्चाचे क्लेम दोन महिने पडून. मला विचाराल तर असा बॉस जास्त त्रासदायक, कारण रागावताही येत नाही, माणूस चांगला असतो ना.

सवय लावायची असेल तर शुक्रवारी आठवडाभरात टीमला पाठवलेले मेसेज वर-खाली करून बघा. सगळेच "झालं का?", "कधी होणार?" असे असतील तर पुढच्या आठवड्यात निदान दोघांना "कुठे अडलंय?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा, हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे. आणि सगळे मेसेज "आपण करून दाखवू!" छापाचे असतील तर आधी कोणाकोणाच्या रजा अप्रूव्ह करायच्या राहिल्यात ते बघा.