सांगलीत बसून रेकॉर्डवर डीजेगिरी शिकायची तर

सांगली-मिरजेत ‘डीजे’ म्हटलं की डोळ्यांपुढे ट्रॉलीवर रचलेली डॉल्बीची भिंत उभी राहते. त्या भिंतीमागचं काम लॅपटॉपवर चालतं. इथं सांगायचंय ते दोन टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारी मशीन), मधे त्यांचे आवाज मिसळणारा मिक्सर आणि हातात रेकॉर्ड या जुन्या पद्धतीबद्दल. एक गाणं संपत आलं की दुसऱ्याचा ठेका हाताने जुळवून ते आत आणायचं, एवढाच खेळ. स्क्रीन नसते, जे काय करायचं ते कान आणि बोटं करतात. त्यामुळे सामान चुकलं तर वर्षभर मेहनत करूनही दोष हाताचा की मशीनचा ते कळत नाही.

पहिली अट, टर्नटेबल डायरेक्ट ड्राइव्ह हवा. यात मोटर थेट ताटाखाली, म्हणजे रेकॉर्ड ज्यावर फिरते त्या चकतीखाली असते. बेल्टवाल्यात मोटर बाजूला आणि मधे रबराचा पट्टा. रेकॉर्ड बोटाने धरून ठेवली की पट्टा घसरतो, सोडल्यावर ताटाला वेग पकडायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ठेका हातचा जातो. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा १९७२ साली आला, त्याची एमके२ आवृत्ती १९७९ साली आली आणि जगभरच्या क्लबांत तीच ठाण मांडून बसली. तिचं ताट ०.७ सेकंदात पूर्ण वेग घेतं. कंपनीने २०१० साली उत्पादन थांबवलं आणि २०१६ साली पुन्हा सुरू केलं. पायोनियरच्या पीएलएक्स-१००० मध्ये मोटरची ताकद एमके२ च्या तिप्पट आहे (४.५ विरुद्ध १.५ किलो-सेंटिमीटर). ऑडिओ-टेक्निकाचा एलपी-१२० त्यामानाने अशक्त, पण ठेका जुळवायला शिकण्यापुरता चालतो. त्याच कंपनीचा एलपी-६० ऑनलाइन स्वस्तात दिसतो. तो बेल्टचा, ऑटोमॅटिक आणि पिच फेडर (वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी) नसलेला. घरी गाणी ऐकायला छान, या कामाला नाही. सुटकेससारख्या दिसणाऱ्या प्लेअरचं तर नावच नको. त्यांचं वजन सुईवर इतकं पडतं की रेकॉर्ड मागेपुढे केली की घळच (सुई जिच्यातून फिरते ती खाच) खरवडली जाते.

दोन टर्नटेबल एकदम घेणं झेपत नसेल तर दोन हलके घेण्यापेक्षा एक दणकट घ्या. मिक्सरच्या दुसऱ्या चॅनलला मोबाइल जोडा (३.५ एमएम ते आरसीए केबल, लाइन इनपुट). मोबाइलवर पक्क्या वेगाचं गाणं लावायचं आणि रेकॉर्ड त्याच्याशी जुळवायची. मोबाइलचा ठेका हलत नाही, म्हणजे चूक झाली तर ती तुमचीच. सुरुवातीचे दोन-तीन महिने याने खुशाल निघतात.

जुना टर्नटेबल घ्यायला पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात गेलात तर आधी मागची पट्टी वाचा. जपानहून आलेले बरेच एसएल-१२०० हे १०० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातले की ट्रान्सफॉर्मरचा धूर. असा घ्यायचाच असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सोबत धरूनच हिशेब करा. मग ताट सुरू करा, पिच शून्यावर ठेवा आणि कडेच्या ठिपक्यांकडे बघा. टेक्निक्सवर ठिपक्यांच्या चार ओळी असतात. सगळ्यात मोठ्या ठिपक्यांची ओळ शून्यावर जागच्या जागी उभी दिसली पाहिजे. ती सरकत असेल तर वेगात गडबड आहे. पिच फेडर सावकाश वरखाली करताना वेग हिसका मारत असेल तर फेडरमध्ये धूळ आहे, ते साफ करून सुधारतं. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) मात्र हलका धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. बेअरिंगमध्ये खडखड लागली तर तो टर्नटेबल सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.

कार्ट्रिज म्हणजे आर्मच्या टोकाचा सुई असलेला भाग; ती गोल टोकाच्या सुईची घ्या. लंबगोल सुई बारकावे जास्त काढते, पण रेकॉर्ड उलटी फिरवली की घळीच्या भिंतीला घासते आणि लवकर उडी मारते. ऑर्टोफोन कॉन्कॉर्ड मालिका आणि ऑडिओ-टेक्निका एक्सपी३ या डीजेसाठीच बनवलेल्या, साधारण ३ ग्रॅम वजनावर चालतात. शुअरची एम४४-७ बद्दल जुने लोक भरभरून बोलतात, पण शुअरने २०१८ साली हा धंदाच बंद केला; आता मिळते ती कुणाची तरी वापरलेली. मिक्सरला दोन फोनो इनपुट (टर्नटेबलचा बारीक सिग्नल घेणारे) हवेत, प्रत्येक चॅनलला तीन पट्ट्यांचा इक्यू (बेस, मधला आणि वरचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करणारा) हवा आणि हेडफोनमध्ये दोन्ही चॅनल वेगवेगळे ऐकता आले पाहिजेत. बाकीचे लुकलुकणारे इफेक्ट सोडून द्या.

टेबलाबद्दल फारसं कुणी सांगत नाही. प्लायवूडच्या हलक्या टेबलावर टर्नटेबल ठेवला आणि शेजारीच स्पीकर असला की बेस वाढवताक्षणी घूऽऽ असा आवाज घुमायला लागतो. स्पीकरची थरथर टेबलातून सुईत, सुईतून पुन्हा स्पीकरात, असं चक्र सुरू होतं. उपाय स्वस्त आहे. फरशीवाल्याकडून कडप्प्याचा दोन बाय दीड फुटाचा तुकडा कापून आणा, सायकलची जुनी ट्यूब हलकी फुगवून टेबलावर ठेवा, तिच्यावर कडप्पा आणि त्यावर टर्नटेबल. कडप्पा जड म्हणून हलत नाही, ट्यूब थरथर वर चढू देत नाही. स्पीकर दुसऱ्या स्टँडवर, शक्यतो भिंतीपासून थोडा पुढे.

आता जोडणी. कार्ट्रिज हेडशेलला (आर्मच्या टोकाच्या, काढता येणाऱ्या खोबणीला) लावताना चार तारांचे रंग बघा: पांढरी डावीकडची प्लस, निळी डावीकडची मायनस, लाल उजवीकडची प्लस, हिरवी उजवीकडची मायनस. टेक्निक्सवर सुईचं टोक हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरच्या कडेपासून ५२ मिलिमीटरवर यायला हवं. पट्टीने मोजून स्क्रू आवळा. कॉन्कॉर्डसारखी अख्खी कार्ट्रिज असेल तर हे मोजमाप करायची गरजच नाही, ती सरळ आर्मला बसते.

मग वजन. अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली खुंटी) शून्यावर करा. सुईचं टोपण काढा, आर्म स्टँडमधून सोडवा आणि तळहात खाली धरून मागचं वजन फिरवत राहा. एक क्षण येतो की आर्म तराजूच्या काट्यासारखा आडवा तरंगतो. वरही जात नाही, खालीही नाही. तिथे वजन तसंच धरून फक्त पुढची आकड्यांची रिंग फिरवून ० वर आणा. आता वजन आणि रिंग दोन्ही मिळून आत फिरवत ३ पर्यंत न्या. झाले तीन ग्रॅम. सुई उड्या मारते म्हणून काहीजण हेडशेलवर नाणं चिकटवतात. त्याने उडी थांबते, पण सुई आणि रेकॉर्ड दोन्ही झिजतात. उडीचं कारण बहुतेक वेळा आर्मची उंची किंवा स्लिपमॅट असतं. सुई रेकॉर्डवर टेकल्यावर आर्म रेकॉर्डला समांतर दिसला पाहिजे, तसा नसेल तर आर्मच्या बुडाची रिंग फिरवून उंची बदला.

स्लिपमॅट म्हणजे फेल्टची चकती. ताटावरची रबरी चटई काढून तिच्या जागी ही ठेवतात, म्हणजे रेकॉर्ड बोटाने थांबवली तरी खाली ताट फिरत राहतं. चकती चिकटते असं वाटलं तर बेकरीच्या सामानाच्या दुकानातून बटर पेपर आणा, त्याची गोल चकती कापा, मधे भोक पाडा आणि फेल्टखाली घाला. लगेच फरक कळतो.

टर्नटेबलमधून लाल-पांढऱ्या केबलबरोबर एक बारीक अर्थिंगची तार येते. ती मिक्सरमागच्या स्क्रूला आवळायची. विसरलात तर ‘हम्म्म’ असा सतत आवाज येणार. ती लावूनही हम्म्म राहिला तर घरचा इन्व्हर्टर तपासा; स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाईट गेल्यावर तोच भुणभुण करतो. साइन वेव्हचा घ्या.

शिकायची सुरुवात एकाच रेकॉर्डच्या दोन प्रतींनी करा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ साली कूल हर्कने पार्टीत वाजवण्यासाठी हीच युक्ती वापरली: एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन ढोलाचा तुकडा इकडून तिकडे, तिकडून इकडे लांबवत न्यायचा. तुम्हाला ती युक्ती वेगळ्या कारणाने हवी आहे. दोन्ही पिच शून्यावर असतील तर वेग सारखाच, म्हणजे शिकायचं फक्त सोडण्याचं टायमिंग.

पहिली प्रत स्पीकरात चालू द्या. दुसरी फक्त हेडफोनमध्ये, तोही एका कानावर. गाण्याचा पहिला ठोका शोधा आणि रेकॉर्ड हलकेच मागेपुढे करा. ‘वक्-वक्’ असं ऐकू येतं तो ठोका. सुई त्याच्या किंचित अलीकडे ठेवून बोट कडेला टेकवून रेकॉर्ड थांबवा, ताट खाली फिरतंच आहे. स्पीकरातल्या गाण्याचे एक, दोन, तीन, चार मोजा आणि पुढच्या ‘एक’वर सोडा. नुसतं बोट उचललं तर रेकॉर्ड किंचित मागे राहते, म्हणून सोडताना पुढे हलकासा धक्का द्यायचा. दोन्ही प्रती अगदी जुळल्या की आवाजात वारा शिरल्यासारखी पोकळी येते. दोन तानपुऱ्यांच्या तारा जवळजवळ लागल्यावर येणारी लाट मिरजेच्या सतारमेकरांच्या कानाला जशी पटकन कळते, तसा हा आवाज तुमच्या कानाला कळायला लागला की पहिली पायरी संपली.

दुसरी पायरी वेगवेगळ्या गाण्यांची. मनगटी घड्याळ लावून ३० सेकंदांतले ठोके मोजा आणि दुप्पट करा. झाले मिनिटाचे ठोके, म्हणजे बीपीएम. स्पीकरात १२४ चं गाणं चालू आहे, हातात १२० चं. फरक ४, म्हणजे १२० च्या ३.३ टक्के. पिच फेडर तेवढा स्वतःकडे ओढा. टेक्निक्सवर गंमत अशी की त्या चार ओळींपैकी एक बरोबर +३.३ ला स्थिर दिसते. पण आकडा फक्त जवळ आणतो, पुढचं कानाने. दहा-पंधरा सेकंदांत ठोके फाटायला लागले तर ताटाच्या कडेला बोट टेकवून हळू करा. फाटणं कमी झालं तर तुमची रेकॉर्ड जोरात होती, पिच थोडा कमी करा. वाढलं तर उलट. कोण पुढे, कोण मागे हे सुरुवातीला कळत नाही. बोटाने चूक करून बघणं हाच शोधायचा मार्ग आहे.

गाणी बदलताना दोन्हीकडचा बेस एकदम चालू ठेवू नका, सगळा गढूळ होतो. नवीन गाणं बेस पूर्ण कापून आत आणा आणि चार-चार ठोक्यांच्या आठ आवर्तनांनंतर ‘एक’वर जुन्याचा बेस खाली, नव्याचा वर.

एक अडचण आपल्याकडची. जुन्या बाजारात मिळणारे हिंदी-मराठी चित्रपटगीतांचे एलपी माणसांनी वाजवलेले आहेत. ढोलकीवाला अंतऱ्यात जोशात येतो आणि ठेका दोन-तीन बीपीएमने पुढे सरकतो. अशा गाण्यात पिच एकदा लावून हात झटकता येत नाही, बोट ताटावर ठेवूनच राहावं लागतं. मुखडा-अंतऱ्यामधल्या म्युझिक पीसमध्ये ठेका सगळ्यात स्थिर असतो, मिसळायचं तिथेच. केरव्याचं गाणं दादऱ्याच्या गाण्यावर चढवू नका. वेग कितीही जुळवला तरी आठ आणि सहा मात्रांची ओढाताण चालूच राहते. शिवाय पिच साधारण ६ टक्के बदलला की अख्खं गाणं अर्ध्या स्वराने वर-खाली जातं, आणि ओळखीचा गायक लगेच अनोळखी वाटायला लागतो. चित्रपटगीतं तीन टक्क्यांच्या आतच ठेवा. लाखेच्या ७८ च्या तबकड्या मात्र यात आणूच नका. त्यांची घळ रुंद, सुई वेगळी लागते, आणि हातातून पडल्या की तुकडे.

आवाज चुकला तर शोधायचं कुठे? आवाज बारीक आणि कर्कश येतोय तर टर्नटेबल लाइन इनपुटला लागलाय, फोनोला लावा. फाटका आणि प्रचंड मोठा येतोय तर टर्नटेबलमधला प्रीअँप (सिग्नल वाढवणारा भाग) चालू आहे आणि तो फोनोला जातोय; मागचा स्विच बदला. एकच बाजू वाजतेय तर हेडशेल काढा, मागच्या चार पिना पेन्सिलच्या खोडरबराने पुसा. दहापैकी आठ वेळा तेवढ्यावर काम होतं. उरलेल्या दोन वेळा आर्मच्या आतली तार तुटलेली असते, आणि ते काम बारीक टाका मारणाऱ्या अँप्लिफायर मेकॅनिकचं.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत रेकॉर्ड ठेवल्या तर वाकड्या होणार. बंद गाडीत तर तासाभराचं काम. उभ्या ठेवा, एकमेकींवर रचू नका. धुवायला नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, वाळल्यावर पांढरे डाग राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा (अॅसिड नव्हे, बाटली वाचा), लिटरला भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ कापड, घळीच्या दिशेने. कृष्णेच्या पुरात भिजलेली रेकॉर्ड हाती आली तर आधी नुसत्या पाण्याच्या धारेने गाळ वाहून जाऊ द्या. गाळासकट पुसलात तर वाळूच घासताय. मग डिस्टिल्ड वॉटरने शेवटचं धुणं. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते.

कार्यक्रमाच्या जागी गेलात की पहिलं काम म्हणजे स्टेजवर उडी मारून बघणं. सुईही उडाली तर कडप्पा आत आणा. वाजवताना लाईट गेली तर ताट मंदावत गाणं खोल बुडत जाईल, घाबरू नका. आधी मास्टर फेडर (मिक्सरचा एकूण आवाज) खाली, मग अँप्लिफायर बंद, शेवटी आर्म उचला. लाईट परत आली की आधी मिक्सर सुरू करा, अँप्लिफायर सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला तर मिक्सर चालू होतानाचा धप्पकन ठोका थेट स्पीकरच्या कोनवर बसतो.