विरल मृदा धातूंच्या चुंबकत्वात पहिलं पाऊल

विरल मृदा (रेअर अर्थ) धातूंवर काम सुरू करणाऱ्यांना मी आधी एकच सांगतो: अणूचा मोमेंट (त्याच्या चुंबकत्वाचं माप) किती मोठा आणि अणूंमधली एक्स्चेंज (मोमेंट एकमेकांना समांतर किंवा विरुद्ध लावणारी जोड) किती जोरकस, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. होल्मियमचा मोमेंट १० बोर मॅग्नेटॉनच्या (अणूच्या मोमेंटचं एकक) घरात, गॅडोलिनियमचा ७.६. तरी थंड करत नेलं की गॅडोलिनियम २९३ केल्विनलाच फेरोमॅग्नेट होतं, म्हणजे त्याचे मोमेंट एका दिशेत लागतात, आणि होल्मियमचे मोमेंट १३२ केल्विनपर्यंत विस्कळीतच राहतात.

हा मोमेंट देणारे ४एफ कवचातले इलेक्ट्रॉन अणूत खोलवर असतात, शेजारच्या अणूच्या ४एफशी त्यांचा थेट संबंध जवळपास येतच नाही. मध्यस्थी करतात ते संवहन इलेक्ट्रॉन (धातूत मोकळे फिरणारे), आणि त्यांची जोड मुख्यतः ४एफच्या स्पिनशी (इलेक्ट्रॉनच्या अंगभूत फिरकीशी). रुडरमन-किटेल (१९५४), कासुया (१९५६) आणि योसिदा (१९५७) यांच्या कामातून आलेली ही आरकेकेवाय आंतरक्रिया. त्यामुळे महत्त्वाचा ठरतो तो स्पिनचा वाटा मोजणारा द जेन गुणक, (जी−१)²जे(जे+१); इथे जे म्हणजे अणूचा एकूण कोनीय संवेग आणि जी म्हणजे लांडेचा गुणक. हुंडच्या नियमांवरून (कवचात इलेक्ट्रॉन कसे मांडले जातात ते सांगणारे) तो हाताने काढाच: गॅडोलिनियमला जी २, जे ७/२, उत्तर १५.७५, होल्मियमला जी ५/४, जे ८, उत्तर ४.५. जड विरल मृदांची क्रमण तापमानं (ज्याखाली मोमेंट शिस्तीत लागतात) साधारण या गुणकाच्या २/३ घाताप्रमाणे उतरत जातात. हा आलेख स्वतः काढला की विषय पकडीत येतो.

मग डिस्प्रोसियम घ्या. माझा सगळ्यात लाडका धातू! कमी चुंबकी क्षेत्रात त्याचं चुंबकन तापमानानुसार मोजलं तर १७९ केल्विनजवळ आलेखात टोक दिसतं. त्याखाली प्रत्येक थर आतून फेरोमॅग्नेटिक, पण पुढचा थर थोडा वळलेला, असं सर्पिल तयार होतं. आरकेकेवायचं चिन्ह अंतरानुसार बदलतं, म्हणून हे घडतं: लगतच्या थराशी जोड समांतर, त्यापलीकडच्याशी विरोधी, आणि ही विरोधी जोड पहिलीच्या एक-चतुर्थांशाहून वाढली की सरळ रांग टिकत नाही. क्षेत्र जास्त लावलंत तर सर्पिल मोडेल आणि टोक हातचं जाईल. साधारण ८५ ते ९० केल्विनला डिस्प्रोसियम फेरोमॅग्नेट होतं, पण त्याचं श्रेय एकट्या एक्स्चेंजला देऊ नका. स्फटिकाची अनिसोट्रॉपी (मोमेंटना ठरावीक दिशांची ओढ) आणि मॅग्नेटोइलॅस्टिक ऊर्जा (चुंबकत्वामुळे स्फटिक ताणला जाण्याशी जोडलेली) तिथे निर्णायक असते.

थरांमधली जोड थेट मोजायची तर न्यूट्रॉन विकीर्णनातून स्पिन-लहरी (रांगेतल्या मोमेंटच्या डोलण्याच्या लहरी) पाहाव्या लागतात. नैसर्गिक गॅडोलिनियम न्यूट्रॉन प्रचंड शोषतं, त्यासाठी गॅडोलिनियम-१६० या कमी शोषणाऱ्या समस्थानिकाचा महागडा स्फटिक लागतो. पहिल्या प्रयोगाला टर्बियम घ्या.